ताण्याला गळ, बाण्याला शिसं

मला पहिल्यांदा राग आला तो त्या रबरी माशांचा. गुलाबी, पोपटी, एकाच्या पोटात तर चमकी भरलेली. केतकीनं जेवणाच्या टेबलावर पेटी उघडली आणि रुखवत मांडावं तसा एकेक मासा माझ्यापुढे मांडला. मासे पकडायला मासे विकत आणायचे, तेही रबराचे! वरळीच्या समुद्रातला गोबरा काय आंधळा आहे का?

केतकी ही माझ्या थोरल्या भावाची, वसंताची नात. सव्वीस वर्षांची आहे, चांगल्या नोकरीत आहे, परळला वसंताच्याच घरात, एकविसाव्या मजल्यावर राहते. वसंता दिवाळीनंतर गेला. त्याच्या मागं हिला हे नवीन खूळ लागलं, खडकावर बसून मासे गरवायचं. फोनवरून काठी मागवली, रीळ मागवलं, आणि रविवारी वरळीला जायच्या आधी सगळं मला दाखवायला बसली. मी काही बोलणार नव्हते. पण दोरीच्या टोकाचं शिसं बघितलं आणि राहवलं नाही. पोलादी कडीत असं घट्ट अडकवलेलं, की हत्तीनं ओढलं तरी सुटू नये.

हे कुणी बांधलं, म्हटलं. तिनं व्हिडिओ बघून बांधलं होतं. म्हटलं, त्या व्हिडिओवाल्याच्या सात पिढ्यांत कुणी खडकावर गेलं होतं का? पहिल्या फेकीला हे शिसं कपारीत जाऊन बसेल. मग ओढ बाई ओढ. दोरी जाईल, गळ जाईल, लागलेला असला तर मासाही जाईल, आणि तू हात हलवत घरी येशील.

ती माझ्याकडे बघतच राहिली. या घरात मला ओळखतात ते महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली, नाकावर राग असलेली आत्याआजी म्हणून. गळ आणि शिसं ही भाषा माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नव्हती. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि येताना हातात एक डबा घेऊन आली. आजोबांच्या कपाटात सापडला, अगदी तळाच्या खणात, जुन्या धोतरात गुंडाळलेला. त्यावरूनच तर मला हे सगळं सुचलं, असं काहीतरी ती सांगत होती. मला नीट ऐकू आलं नाही.

चहाचा पत्र्याचा चौकोनी डबा. हिरवा रंग जवळजवळ गेलेला. झाकणाच्या एका कोपऱ्याला पोचा. तो पोचा माझ्या हातून पडलाय, चाळीच्या जिन्यावर. हा डबा माझ्या बाबांचा. आणि हा डबा साठाहून जास्त वर्षं समुद्राच्या तळाशी पडलाय असं मी समजून चालले होते, कारण वसंतानं मला तसं सांगितलं होतं. बाबांनाही त्यानं तेच सांगितलं होतं.

झाकण घट्ट बसलं होतं. चमच्याच्या दांड्यानं उचकटलं आणि वास आला. गंज, खोबरेल तेल, सुकलेली कोळंबी, आणि त्या सगळ्याच्या खाली गिरणीच्या सुताला असतो तो खळीचा आंबूस वास. लोक म्हणतात, जुन्या वासानं माणूस हळवा होतो. मी काही हळवीबिळवी झाले नाही. माझं डोकं फिरलं.

आम्ही प्रभादेवीला चाळीत राहायचो. एक खोली, बाहेर सामाईक गॅलरी, आणि वारा पश्चिमेचा असला की समुद्राचा वास थेट चुलीपर्यंत. बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. मूळचे मालवणकडचे. गावी त्यांच्या घरात होडी नव्हती, जाळं नव्हतं. खडकावर उभं राहून गरी टाकायची, एवढंच ठाऊक. वरळीच्या कोळीवाड्यातली माणसं त्यांना हसायची. जाळ्यानं टोपल्याच्या टोपल्या भरणाऱ्यांना एका गळावर एक मासा म्हणजे पोरखेळच वाटणार. पण आमिषाला कोळंबी लागली की तिथलीच एक म्हातारी बाबांच्या रुमालात मूठभर टाकायची, आणि सगळा दर्या रिकामा करू नकोस हां, म्हणून चिडवायची.

शनिवारी भोंगा झाला, बाबा आंघोळ करून आले, की फळीवरून डबा खाली यायचा. जमिनीवर गोणपाट अंथरलं जायचं. आई कपाळाला हात लावायची, पण गोणपाट तीच आणून द्यायची. बाबा मांडी घालून बसायचे आणि मी समोर. वसंता कधी बसला नाही. गरवायला जे मुकाट बसावं लागतं ते त्याच्या अंगात नव्हतं. माझ्या होतं, यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही.

काय घ्यायचं आणि काय डब्यात ठेवायचं, हे मला बाबांनी शिकवलं. आधी तिथी विचारायची. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओढ कमी, तेव्हा हलकं शिसं चालतं. पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला जड. मग तळ कसला आहे ते बघायचं. वाळू असली तर गोल शिसं, ते लोळत लोळत पुढे जातं. खडक असला तर लांबट, ते फटीतून निसटून येतं. गोबऱ्याला मजबूत गळ, कारण तो आमिष तोंडात धरून सरळ बिळात शिरतो आणि आत अंग फुगवून बसतो. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं. दोरी ओठांमधून ओढायची, कारण बोटांना न कळलेली विरलेली जागा ओठांना कळते. दोरी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवलेली असायची, त्याची तुरट चव जेवेपर्यंत तोंडात राहायची. केतकीच्या त्या काचेसारख्या दोरीला कसलीच चव नाही. मी ओढून बघितली.

लांबट शिसं बाबा घरीच ओतायचे. कोवळी भेंडी उभी मातीत दाबायची, अलगद काढायची, माती खडखडीत वाळू द्यायची, आणि भंगारातलं शिसं आईच्या पळीत वितळवून त्या भोकात सोडायचं, मध्ये तार उभी धरून. थंड झालं की करंगळीएवढी भेंडी निघायची, शिरांसकट. आईची पळी कामातून जायची आणि पुढचे दोन दिवस तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. असलं भेंडीचं शिसं उभ्या मुंबईत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. हे लक्षात ठेवा.

आता शिसं बांधायचं कशानं? मी दहा वर्षांची झाले तेव्हा बाबांनी पहिल्यांदा अख्खी गरी मला बांधायला दिली. साचेवाल्याची मुलगी मी, ताणा-बाणा मला कळत होता. कापडातला उभा धागा तो ताणा, खळ पाजलेला, पक्का. आडवा तो बाणा, मऊ आणि कच्चा. दोन्हींचे तुकडे बाबा पायाच्या घोट्याला गुंडाळून आणायचे. गेटवरच्या झडतीत खिसे बघतात, घोटा कोण बघतो? मी आपली अक्कल चालवली. गळ ताण्यानं बांधला आणि शिसंही ताण्यानंच, चौपदरी. मला वाटलं, बाबा खूश होतील. वरळीच्या किल्ल्याच्या पायाशी, कोळीवाड्याच्या टोकाला जे काळे खडक आहेत, तिथे पहिलीच फेक केली आणि शिसं कपारीत जाऊन बसलं. मी ओढलं, बाबांनी ओढलं, शेवटी दोरीच वर तुटली आणि माझ्या आजोबांनी गावच्या लोहाराकडून घडवून घेतलेला गळ गेला.

मी भोकाड पसरलं. बाबा रागावले नाहीत. त्यांना रागावताच यायचं नाही, घराण्याचा सगळा राग माझ्याच वाट्याला आलाय. त्यांनी नव्या दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताण्याक गळ, बाण्याक शिसां. शिसां खाली जाता, अडाकता तां तांच. तेका कच्च्या धाग्यार ठेवायचां. अडाकलां काय हिसको दी. तां तुटान रवात, बाकीचां वर येयत."

नंतर माझ्या हातून ती चूक कधी झाली नाही. बाण्याचे दोन पदर, एक साधी गाठ. अडकलं की हिसका. तळाशी कुठंतरी टच्च होतं आणि हात एकदम हलका होतो. त्या हलकेपणाचा मला तेव्हा आनंद व्हायचा, हे आता आठवून अंगाचा तिळपापड होतो.

मग चळवळीचे दिवस आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे खडूनं, चुन्यानं, डांबरानं, मिळेल त्यानं मिळेल त्या भिंतीवर लिहिलेलं असायचं. वसंता सोळा वर्षांचा होता. संध्याकाळी गॅलरीत उभा राहून तो मोठ्यानं पेपर वाचायचा आणि अख्खी चाळ ऐकायची. आवाज छान होता त्याचा, शेवटपर्यंत. चळवळ खोटी होती असं कुणी माझ्या तोंडी घालू नका. मुंबई आमची होती, आमच्या बापानं तिच्यासाठी हयातभर कापड विणलं होतं. बाबाही मोर्च्याला जायचे, गिरणीतल्या माणसांबरोबर, मागच्या रांगेत. घरी येऊन पाय शेकत बसायचे. त्याचं त्यांनी कधी कुणाला कौतुक सांगितलं नाही.

हरताळ पडला की भोंगे बंद. ज्यांनी गिरणगावात दिवस काढलेत त्यांनाच त्या शांततेची भीती कळेल. पहाटे भोंगा नाही म्हणून लहान पोरंसुद्धा दचकून उठायची. मध्येच संचारबंदी, मध्येच दोन तासांची सूट, बाजारात भाजी नाही. सूट मिळाली की बाबा आणि मी डबा घेऊन निघायचो, रस्ता टाळून, ओहोटीच्या वाळूतून किल्ल्याकडे. मिळेल ते आणायचो. शिंगाळा असला तर त्याचे काटे मोडून, गोबरा असला तर सुपात घालून, आणि आमच्या मजल्यावरच्या सहाही घरांत तुकडे जायचे. आई रस्सा इतका पातळ करायची की ताटात धरायला हात आडवा लावावा लागे. तरी घराघरांतून तिरफळाचा वास सुटला की चाळ जिवंत आहे असं वाटायचं.

अशाच एका सकाळी मी डबा उघडला तर भेंड्या नाहीत. चौदा होत्या, एकही नाही. नुसती गोल शिसं. मला कुणी सांगायला नको होतं. गच्चीवर गेले. वसंता आणि त्याचे तीन मित्र पाण्याच्या टाकीआड बसले होते, आणि त्याच्या हातात सायकलच्या ट्यूबची गलोल होती. शिसं परत दे, म्हटलं, आज खडकाला जायचंय. तो मित्रांकडे बघून हसला.

"मासे काय पकडत बसलीस," तो म्हणाला, "इथं मुंबई जातेय."

मी बाबांना सांगितलं नाही. तो थोरला होता म्हणून नाही, किंवा घाबरले म्हणूनही नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता. बाराव्या वर्षी असं काहीतरी ऐकून छाती फुगते. खडकाशी पोचल्यावर बाबांनी डब्यातला तो रिकामा कप्पा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि वाळूतला एक लांबट दगड उचलून बाण्यानं बांधला.

दोन दिवसांनी आमच्या गल्लीत अश्रुधूर सोडला. खिडक्या लावून, ओली फडकी तोंडाला धरून आम्ही खोलीत बसलो होतो, आणि वर गच्चीवरून पोरांच्या पळापळीचे आवाज येत होते. खाली एका शिपायाच्या भुवईवर काहीतरी लागलं आणि तो रक्तबंबाळ झाला, असं संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चाळीत चढले. पुरुषांना गॅलरीत उभं केलं, बायकांना दारात. वसंता आमच्या खोलीत, पडद्यामागे. गलोल त्याच्या कमरेला.

साहेब मराठी होता. आवाज चढवला नाही त्यानं. तळहातावर एक वस्तू घेऊन तो एकेका पुरुषाला दाखवत होता, हे कुणाचं, म्हणून विचारत होता. चाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आईनं पळीपायी केलेला बाबांचा उद्धार अख्ख्या मजल्यानं ऐकलेला. कुणी तोंड उघडलं नाही. म्हाताऱ्या नाहीत, दारुडे नाहीत, आमच्याशी नळावरून भांडणारी शेजारीण नाही. मग साहेब माझ्यापुढे आला आणि गुडघे वाकवून खाली बसला. हे काय असतं गं बाळ, म्हणाला, भेंडी आहे का?

आणि मी सांगितलं. मी! मला आयुष्यात कुणी मोठ्या माणसानं काही विचारलं नव्हतं. मुलीला कोण विचारतं? मला ठाऊक असलेली एकच गोष्ट त्यानं मला विचारली, आणि मी घडाघडा बोलत सुटले. हे खडकाचं शिसं, म्हटलं. वाळूचं गोल असतं, खडकाचं असं. मध्ये भोक असतं, त्यातून बाणा ओवायचा. आईचा श्वास अडकलेला मला ऐकू आला तेव्हा माझं तोंड मिटलं. साहेबानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मी अजून झटकते आहे.

बाबा रांगेतून पुढे आले. "माझं आहे ते," ते म्हणाले. "मारलं पण मीच."

पडदा हलला. मला दिसलं, आईला दिसलं. पडद्यापासून बाबांची पाठ दोन हातांवर होती. वसंतानं एक पाऊल टाकलं असतं तरी पुरे होतं. आतून शब्द आला नाही. बाबांनी मागे वळून बघितलं नाही आणि चपला घालून ते त्यांच्याबरोबर जिना उतरले.

ते अकरा दिवसांनी आले. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी इथे रचून सांगणार नाही. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी होऊन आली, ती पुन्हा कधी मिटली नाहीत. साचेवाल्याला दुसरं काय लागतं? मागावर धागा तुटला की डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारावी लागते. बाबांना सदऱ्याची गुंडी लावता येईना. गिरणी सुरू झाली तेव्हा त्यांचे साचे दुसऱ्याला गेले आणि त्यांच्या हातात झाडू आला. ज्या खात्यात त्यांनी वीस वर्षं कापड विणलं त्याच खात्यात ते खाली पडलेलं सूत गोळा करायला लागले.

घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी काय विचारलं असेल? डबा कुठे आहे. वसंता म्हणाला, समुद्रात फेकला, खोलीची झडती झाली असती तर. बाबांनी मान हलवली आणि बरं केलंस, म्हणाले. त्या संध्याकाळी आई पाण्याला गेलेली असताना मी त्यांच्याजवळ बसून रडले. माझ्यामुळे झालं, म्हटलं. आणि तुम्ही कशाला पुढे गेलात, मारलं तर वसंतानं. बाबांनी डाव्या हातानं माझं तोंड झाकलं.

"शिसां अडाकलां तर जावंदे गो चेडवा," ते म्हणाले. "गळ वर येवक होयो."

मग माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून त्यांनी वचन घेतलं, की हे मी कधी कुणाजवळ बोलणार नाही. मी ते पाळलं. खरं सांगायचं तर त्या वचनाची मलाही सोय होती. वसंताचं उघडं पडलं असतं तर माझंही पडलं असतं.

वसंताला त्यांनी वर आणलं, खरंच आणलं. तो शिकला, साहेब झाला, चाळ सुटली. एक मेला त्याला शाल, नारळ मिळायला लागले. इथे दिवाणखान्यात त्याचं एक मानपत्र अजून आहे, काचेच्या चौकटीत, आणि खाली रोज उदबत्ती. एका वर्षी मी सभेला गेले होते. माझ्या वडिलांनी महाराष्ट्रासाठी आपला हात दिला, असं तो त्या छान आवाजात म्हणाला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. दिला! कुणी मागितला होता? मी उठून बाहेर आले आणि रस्त्यावरच्या बाकड्यावर बसून राहिले, सगळे बाहेर येईपर्यंत. ते मला रक्तदाबाचा त्रास झाला असं समजले.

पण हे सगळं मी गिळलं होतं. जे गिळता येत नाही ते आता टेबलावर आहे. बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांना एकाच गोष्टीचा ध्यास होता. डबा खरंच फेकला काय रे, एवढंच विचारायचे. नुसता हातात धरायचा होता त्यांना. मी किल्ल्याखालच्या खडकांत शोधायला गेले, वेड्यासारखी, तीस वर्षांची बाई, साडी खोचून. वसंता त्यांच्या उशाशी उभा होता. होय बाबा, फेकला, म्हणाला. आणि डबा त्याच्या कपाटात होता.

का ठेवला? मला विचारू नका. लाज वाटत असेल. लाज धोतरात गुंडाळून खणात ठेवायची वस्तू आहे का?

केतकीनं डब्यातल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या. बुचाला टोचलेले गळ, तेलाच्या फडक्यात, अजून टोकदार. मी नखावर बघितले. ताण्याची गुंडी, पिवळी पडलेली, पण ओढून तुटेना. बाण्याची गुंडी हात लावताच भुगा झाली. आणि तळाशी भेंड्या. मी मोजल्या. तेरा.

तेरा म्हणजे त्यानं एकच मारली होती. एक! बाकीच्या त्याच्या खिशातच राहिल्या. आणि त्या तेराही भेंड्या एका जाड नायलॉनच्या दोरीत ओवलेल्या होत्या. दोरी अलीकडची, दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असेल. प्रत्येक भेंडीला गाठ, गाठीवर गाठ, गाठीवर पुन्हा गाठ. म्हणजे आजोबा झालेला हा माणूस दार लावून बसत असणार आणि शिसं सुटू नये म्हणून गाठी मारत असणार. गाढवा, असं बांधतात का? कुणाला विचारायचं होतंस तर मी होते ना इथं दादरला, परळपासून हाकेच्या अंतरावर. साठ वर्षं होते.

मी रडले नाही, पण चष्मा काढावा लागला. केतकीनं पाणी आणून दिलं. मग मी तिला सगळं सांगितलं. पडदा सांगितला, आणि साहेबानं डोक्यावरून फिरवलेला हातही सांगितला. ऐकून झाल्यावर तिनं एकदा भिंतीवरच्या मानपत्राकडे बघितलं.

बाबा, मी मोडलं तुमचं वचन. तुमच्या मुलानं ते न देताच हयातभर पाळलं, तेवढं पुरे झालं. आणि तुमच्यावरही माझा राग आहे, आज सांगते. तो नियम शिशाचा होता. माणसाचा नव्हता.

"आत्याआजी," केतकी म्हणाली, "मग रविवारी मी शिसं कशानं बांधू?"

मी तिला तिच्या शिवणाच्या डब्यातलं साधं रीळ आणायला सांगितलं. पोलादी कडी काढून टाकली. नव्या दोरीला बाबांचा एक गळ बांधला, ताण्याची गाठ माझ्या बोटांना अजून येते. शिशासाठी दोन पदर, एक साधी गाठ, आणि दाखवलं, हिसका कसा द्यायचा. वसंताच्या गाठी मी सोडल्या नाहीत. ती माळ तशीच डब्यात ठेवली.

"कच्च्या दोऱ्यानंच बांधायचं," मी तिला म्हटलं. "शिसं गेलं तर जाऊ दे. पण घरी आल्यावर ते गेलं म्हणून आधी सांगायचं. नुसता मासा दाखवत बसायचं नाही."